अण्णांच्या मशीनवरची आत्या

सुई तव्यावर टेकली की गाणं लगेच सुरू होत नाही. आधी खरखर येते. तेल तापलंय पण मोहरी अजून पडायची आहे, अशा वेळी कढई जे बारीक बोलते, तसली. लातूरजवळच्या मुरुडला आमच्या घरी रेकॉर्डला तवाच म्हणत. एका ठरावीक तव्याची ती खरखर सुरू झाली, की माय स्वयंपाकघरातून म्हणायची, "आल्या बघा तुमच्या आत्याबाई." मग आत्याचा आवाज यायचा. बारीक, धारदार, झोक्यावर उभ्या राहिलेल्या पोरीचा.

परवा दिगूनं तेच गाणं मला कॉम्प्युटरवर ऐकवलं. दिगू माझा धाकटा भाऊ. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या घरात, माडीवर, जुने तवे आणि नव्या वायरी यांचं जंजाळ मांडून बसलेला असतो. मी नांदेडातच, जुन्या वस्तीत राहते. त्यानं फोन केला, मी ऑटो करून गेले. त्यानं मला खुर्चीत बसवलं, कानांवर ते गुबगुबीत हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

खरखर आलीच नाही. नुसती शांतता, आणि त्या शांततेतून एकदम एक बाई गायला लागली. आवाज खालचा, भरलेला, सावकाश. शब्द तेच, चाल तीच. पंचमीला माहेरी न आलेल्या लेकीचं झोक्याचं गाणं. पण बाई दुसरी. मी एक कडवंसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

"बंद कर," मी म्हणाले. "ही आत्या न्हाई."

"तीच हाय ताई. तोच तवा हाय. तुझ्यासमोर लावू का?"

"मग तू कायतरी केलंयस."

"खरखर तेवढी काढली. बाकी बोट लावलं न्हाई."

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबिरीची काडी जास्त टाकली, तरी मी खालचे टोमॅटो उलटून बघते. शाळेत शिकवताना अवघड गणित सोडवून आणणाऱ्या पोराच्या वहीत मी आधी त्याच्या थोरल्या भावाचं अक्षर शोधायचे. त्यामुळे 'बोट लावलं नाही' हे काही मला पटलं नाही. ज्यानं खरखर काढली, त्यानं तिच्यासोबत आणखी काय काय काढलं असेल, कुणी सांगावं? पाखडताना फोलाबरोबर चार दाणेही उडतातच. शिवाय ती शांतता. गाण्याच्या आधीची ती स्वच्छ, पुसून घेतलेली शांतता मला मुळीच आवडली नाही. आमच्या घरात तशी शांतता कधी नव्हती.

"येत्या रविवारी लातूरला जाऊ," दिगू म्हणाला. "आत्याला ऐकवू. तिनं सवताचं गाणं ऐकून एक जमाना झाला."

त्या गाण्यानं आत्याचं काय केलं होतं, ते दिगूला आठवत नसावं. तो तेव्हा रांगत होता. तव्यावर गाणारी बाई तू नव्हेसच, असं आत्याला तिच्या सासरच्यांनी तोंडावर सांगितलं होतं, आणि तो खोटेपणाचा ठपका अंगावर घेऊन ती जन्मभर जगली. आता पिकल्या वयात तिच्यापुढे फोन धरायचा आणि त्यातून खरोखरच दुसरी बाई गायला लागायची? मी दिगूला म्हणाले, "मी जिती हाय तोवर हे लातूरला जाणार न्हाई."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, मुरुडच्या बाजारपेठेत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. दुकान कसलं, एक लांबट खोली. तिच्यात भोंगे, वायरींची भेंडोळी, बॅटऱ्या आणि पत्र्याच्या पेटीत उभे रचलेले तवे. आत शिरलं की बॅटरीतल्या तेजाबाचा आंबूस वास यायचा, तापलेल्या धुळीचा यायचा आणि पेटीत कसर लागू नये म्हणून टाकलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा यायचा. हे तिन्ही वास आज कुठे एकत्र आले, तर मी चालता चालता थांबेन. येत नाहीत. दिगूच्या माडीला कसलाच वास नाही. ज्या यंत्राला वास नाही, त्याच्यावर माझा भरवसा बसत नाही.

लग्नसराई तोंडावर आली की तव्यांची आंघोळ व्हायची. आमच्या घरचा तो सणच. अण्णा रिठे उकळून गार केलेलं पाणी परातीत घ्यायचे आणि एकेक तवा त्यात बुडवायचे, मधला कागद भिजू न देता. आत्या, अण्णांची धाकटी बहीण, तेव्हा लग्नाची व्हायची होती. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं ती तवा गोल गोल पुसायची. माझं काम ओला तवा कडेनं धरून सावलीला उभा करायचं. मध्ये बोट लागलं तर अण्णा रागावत नसत. नुसते बघत, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. आत्या पुसता पुसता गात असायची, जो तवा हातात असेल त्याचंच गाणं. मधल्या कागदाचा रंग बघूनच ती ओळखायची. रिठ्याचा फेस, अंगणातलं उन्ह आणि आत्याचं गाणं, माझ्या आठवणीत हे सगळं एकाच परातीत आहे.

मग वैशाखात बैलगाड्या यायच्या, तवे वाजवायचं मशीन न्यायला. कित्येक खेड्यांत वीज नव्हती, असली तरी तिचा नेम नव्हता. म्हणून अण्णांचं मशीन बॅटरीवर चाले. भोंगा गावातल्या सगळ्यात उंच झाडाला बांधायचा, म्हणजे शेजारच्या गावालाही कळायचं की आज इथं लग्न आहे. सुरुवातीला सगळं झकास. पण बॅटरी उतरायला लागली की तवा हळू फिरायचा, गाणं ओढल्यासारखं व्हायचं. त्याला आमच्याकडे म्हणत, 'गाणं रडायलंय.' लग्नघरी गाणं रडणं म्हणजे अपशकुन. एका गावी ऐन अक्षतांच्या तोंडावर गाणं रडलं, आणि पुढं त्या नवरीचं काही धड झालं नाही. त्याचं खापर अण्णांच्या मशीनवर फुटलं. अण्णांनी धसकाच घेतला. मशीनची तवा फिरवणारी थाळी उचलून, डोळे बारीक करून, आतल्या मोटारीपाशी ते दिवसभर काहीतरी करत बसलेले मला आठवतात. दवाखान्यातली चिकटपट्टी मीच आणून दिली होती. त्यानंतर अण्णांचं गाणं कधी रडलं नाही. पंचक्रोशीत नाव झालं. लोक म्हणत, "मुरुडच्या अण्णाचं मशीन लावा. गाणं कसं उड्या मारतंय."

घरात रेडिओही होता. त्याच्यावर सिनेमातलं तेच गाणं लागलं, की आम्हाला ते आळसावलेलं वाटायचं. "रेडिओवाले जेवून बसलेले दिसतात," माय म्हणायची. आम्ही सगळे हसायचो.

आत्याचा तवा निघाला तो असाच, आंघोळीच्या दिवशी. हैदराबादच्या एका कंपनीचा माणूस तवे विकायला दुकानात आला होता. मागच्या अंगणातून आत्याचं गाणं ऐकू येत होतं. तो बोलता बोलता थांबला. "ये कौन गा रही है?" अण्णा म्हणाले, "बहन है हमारी. ऐसेच गाती." पंचमीचं गाणं आणि पाळणा अशी दोन गाणी ठरली. अण्णा तिला रेल्वेनं हैदराबादला घेऊन गेले. परत आल्यावर तिथल्या इराणी चहाचं आणि भिंतीला गाद्या लावलेल्या खोलीचंच तिला जास्त अप्रूप होतं. पुढं बऱ्याच महिन्यांनी टपालानं तवा आला. लहानसा, हलका. मधल्या कागदावर तिचं नावच नव्हतं. नुसतं छापलं होतं, 'मराठवाड्यातील स्त्रीगीते'.

अण्णांनी भोंगा बाजाराकडं तोंड करून ठेवला आणि तवा लावला. खरखर झाली, मग तो आवाज आला. आत्या आधी हसली आणि मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "मी अशी गाते?"

"आपला आवाज आपल्याला येगळाच ऐकू येत असतोय," अण्णा म्हणाले. ते खरंही आहे, म्हणून कुणी पुढं विचारलं नाही. गावातही कुणी शंका काढली नाही. घरच्या सोन्याला कोण कसोटी लावतं? मला तर तव्यावरची आत्या आणि अंगणातली आत्या एकच वाटायची, कारण दोघींना ऐकताना मी बहुधा तिच्या मांडीवर असे.

त्या तव्यानंच तिचं लग्न जमवलं. निलंग्याकडचं स्थळ. मुलीचा तवा निघालाय, हे ऐकून त्यांनी होकार कळवला. लग्नात अण्णांनी तो तवा इतका वाजवला की वऱ्हाडातल्या बायकांना गाणं पाठ झालं. तीच चूक झाली म्हणा. सासरी गेल्या गेल्या बायकांनी नव्या नवरीला गायला बसवलं. आत्या गायली, तिच्या गळ्यात जसं होतं तसं, खाली, सावकाश. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नणंद म्हणाली, "तव्यावरची बाई येगळी हाय."

लग्नानंतरच्या पाचपरतावणाला आत्या माहेरी आली ती गप्पच. मायनं खोदून विचारलं तेव्हा कळलं. अण्णांचा संताप झाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी मशीनच घेऊन येतो," म्हणाले. तालुक्याला दुसऱ्याचं मशीन मिळालं असतं, पण माझा तवा मी दुसऱ्याच्या मशीनवर लावणार नाही, हा त्यांचा बाणा. एसटीत मांडीवर मशीन घेऊन ते निलंग्याला निघाले. मी आत्याला चिकटलेली, म्हणून मलाही नेलं.

ओसरीवर सगळे जमले होते. अण्णांनी तवा लावला. गाणं उड्या मारत बाहेर आलं. मग आत्या गायली. लहान होते तरी मला कळलं की काहीतरी जुळत नाही. अण्णा म्हणाले, "तव्याबरोबर गा, म्हणजे कळंल ह्यांला." त्यांनी पुन्हा सुई टेकवली. आत्या त्या आवाजाच्या मागे मागे वर चढत गेली, आणि अंतऱ्याला तिचा गळा फाटला. पुन्हा लावलं. पुन्हा फाटला. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. अण्णांना ते दिसत नव्हतं. ते तव्याकडं बघत होते.

"नाचता येईना, अंगण वाकडं," नणंद म्हणाली.

सासूनं मात्र हात वर केला. त्या घरात कानडी मिसळून बोलत. "ब्याडा, ब्याडा. नको आता. पोरगी गुणाची हाय. पर खोटं कशाला सांगायचं म्हन्ते मी?"

ती बाई वाईट नव्हती. ती आत्याला पुढं कधी घालूनपाडून बोलली नाही, उलट बाळंतपणं तिनंच केली. नवराही भला होता. नोकरीनिमित्तानं ते लातूरला आले, घर बांधलं, मुलगा शिकला. पण आत्या गायची थांबली. माहेरी आली तरी तव्यांच्या आंघोळीला फडकं घेऊन बसायची आणि तोंड मिटून पुसायची. अण्णा अधूनमधून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "मशीन खोटं बोलत न्हाई." ते वाक्य त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

तर हे सगळं मनात घेऊन मी दिगूच्या माडीवर हेडफोन काढून बसले होते, आणि माझा संशय एका जागी ठरत नव्हता. आधी दिगूवर होता. मग त्याच्या कॉम्प्युटरवर गेला. हल्ली ही यंत्रं म्हाताऱ्याचा तरुण करतात, मेलेल्या माणसाला बोलतं करतात, त्यांना बाई बदलणं काय अवघड? मग तो त्या हैदराबादच्या कंपनीवर गेला. आणि मग एक असा संशय आला, की माझी मलाच लाज वाटली. सासरचे लोक खरं बोलत असतील तर? अण्णांनीच बहिणीच्या लग्नासाठी काही बनाव केला असेल तर?

"अण्णांच्या मशीनवर लाव," मी दिगूला म्हणाले. "तुझं हे काही मला सांगू नको. त्या मशीनवर लाव."

दुकान मोडलं तेव्हा दिगूनं ते मशीन मुरुडहून आणलं होतं. आतला रबरी पट्टा विरून गेला होता, तो त्यानं नवा घातला. जेवणं झाली, दुपार कलली, आणि मग मोटार घुरघुरायला लागली. त्यानं तवा ठेवला.

खरखर झाली. मग ती आली. बारीक, धारदार, उड्या मारत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. माय, अंगण, परात, फेस, सगळं आलं. "ही बघ," मी म्हणाले. "ही आत्या. तुझ्या कॉम्प्युटरातली कोण हाय ते तूच ठरव."

आता संशय घ्यायची पाळी दिगूची होती. त्यानं पेटीतून सिनेमातल्या गाण्याचा एक तवा काढला, मशीनवर लावला, आणि फोनवर तेच गाणं सुरू केलं. मशीनवरची गायिका फोनवरच्या गायिकेपेक्षा वरच्या पट्टीत आणि घाईत गात होती. बस पकडायची असल्यासारखी.

"थांब," म्हणून त्यानं थाळी उचलली. मोटारीच्या दांडीवर, पट्टा जिथं फिरतो तिथं, मळकट पिवळं काहीतरी गुंडाळलेलं होतं. पट्टा घालताना त्याला ते दिसलं होतं, पण पट्टा घसरू नये म्हणून असेल असं त्याला वाटलं होतं. त्यानं नखानं टोक सोडवलं. दवाखान्यातली चिकटपट्टी. थरावर थर.

दांडी जाड झाली की थाळी जोरात फिरते आणि आवाज बारीक होतो. बॅटरी उतरली तरी गाणं रडू नये, म्हणून अण्णांनी ते सुरुवातीपासूनच पळतं करून ठेवलं होतं. मोठ्या गायिकांना काही फरक पडला नाही. त्यांना मुरुडात समोर बसून कोण ऐकणार होतं? आमच्याकडच्या सगळ्या तव्यांमध्ये समोर बसून गाऊ शकणारी बाई एकच होती.

दिगूनं पट्टी काढून टाकली आणि आत्याचा तवा पुन्हा लावला. आता अण्णांच्या मशीनवर तीच बाई गात होती, जी सकाळी माझ्या कानात गात होती. खालचा, भरलेला, सावकाश आवाज. खरखर होती, पण बाई तीच.

मला आनंद व्हायला हवा होता, आत्या खरी ठरली होती. पण खरं सांगायचं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. अण्णांनी जीव टाकून जपलेल्या मशीननं त्यांच्या बहिणीचा गळा घोटला होता, आणि त्यांना ते कळलंही नाही. आणि ज्या आवाजावर मी जन्मभर जीव लावला, तो आवाज कुणाचाच नव्हता. चिकटपट्टीनं तयार केलेली एक पोरगी होती ती. आजही डोळे मिटले तर मला तीच ऐकू येते, आणि तीच आवडते. त्याला मी काय करू?

रविवारी मीच दिगूला म्हणाले, चल लातूरला.

लोहा, अहमदपूर करत बस निघाली. दिगूच्या पिशवीत काळजीपूर्वक गुंडाळलेला तवा, खिशात फोन, आणि एका डबीत ती पट्टी. हा मुद्देमाल बघून मला अण्णांचा निलंग्याचा प्रवास आठवत होता. मी त्याला तसं बोलले नाही.

आत्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मुलगा रविवार असूनही कामावर गेलेला. सूनबाईनं आल्या आल्या मुरमुऱ्यांचा सुशीला खायला दिला, वर शेंगदाणे आणि लिंबाची फोड, आणि ती आतल्या कामाला निघून गेली. गुडघ्यांचं, नातवंडांचं, मुरुडच्या शेजाऱ्यांचं बोलून झालं. मग दिगू म्हणाला, "आत्या, एक गाणं ऐक," आणि त्यानं फोन छोट्या स्पीकरला जोडला.

पहिली ओळ आली आणि आत्याचा चेहरा मिटला. मी तिच्याकडंच बघत होते. ओळखीची खूणसुद्धा नाही. गाणं संपल्यावर तिनं पदर सारखा केला.

"हे कशाला काढलंस आता?"

"आत्या, ही तू हायस."

"मी न्हाई. मशीनवरची लई बारीक गायची. ही दुसरीच हाय."

दिगूनं सगळं सांगितलं. डबी उघडून पट्टी दाखवली. बॅटरी, दांडी, थाळी, सगळं हातवारे करून समजावलं. आत्यानं पट्टीकडं बघितलं, हात लावला नाही.

"तुमच्या फोनात आता कायबी करता येतंय म्हणं," ती म्हणाली. "परवा टीव्हीवर दाखवत व्हते. माणूस बोललाच न्हाई आन त्याच्या तोंडातनं बोलणं."

"आम्ही काही केलं न्हाई आत्या," मी म्हणाले. माझ्याच तोंडून ते वाक्य निघालं तेव्हा ते किती लंगडं असतं ते कळलं.

"तुझा बाप बी असंच म्हणायचा, बाई. असाच मशीन घेऊन आला व्हता." ती रागानं बोलत नव्हती. "सासरच्यांवर मी कधी राग धरला न्हाई. म्हणलं, त्यांचंच खरं असंल. त्या दिवशी हैदराबादात माझा घसा बसला व्हता. कंपनीवाल्यांनी माझं टाकून दुसरीचं घातलं असंल, आन अण्णाला म्हाईत नसंल, न्हाईतर म्हाईत असून गप बसला असंल. कुण्या दुसरीचं नाव मी माहेरात मिरवलं, आन त्याच्यावर लगीन केलं. मंग गायचं कोणत्या तोंडानं?"

मला वाटत होतं, जग तिच्यावर संशय घेत होतं आणि तिला आपण खऱ्या आहोत हे ठाऊक होतं. तसं नव्हतंच. इतकी वर्षं ती स्वतःलाच खोटी समजत होती.

दिगू हट्टी. काहीच सुचेना म्हणून त्यानं पुन्हा बटण दाबलं, या वेळी दुसऱ्या बाजूचा पाळणा. आवाज जरा मोठाच झाला. खोलीभर तो खालचा, सावकाश गळा फिरायला लागला. आत्या खिडकीकडं बघत राहिली.

पाळणा संपत आला तेव्हा आतून सूनबाई आली. हाताला पीठ लागलेलं. आत्याला खुर्चीवर बघून ती दारातच थांबली.

"आई, तुम्ही हितं हाव? मला वाटलं, देवघरात हायेत. म्हणलं तुमचं गाणं होऊ द्यावं, मंग चहा टाकावा."

"कसलं गाणं?" आत्या म्हणाली.

"रोज म्हणता की देवाजवळ बसून. दार लोटून, खालच्या आवाजात. तुम्हाला वाटतंय आम्हाला ऐकू येत न्हाई." तिनं आमच्याकडं, मग स्पीकरकडं बघितलं. "ह्यांनी कवा रेकॉर्डिंग केलं तुमचं?"

आम्ही दोघं आत्याकडं बघत होतो. तिला तव्याचं ठाऊक नव्हतं, निलंग्याच्या ओसरीचं ठाऊक नव्हतं. आपलं काही चुकलं की काय, म्हणून ती पदराला हात पुसायला लागली.

"माझ्यावानी वाटतंय व्हय तुला ते?" आत्यानं विचारलं.

"वाटतंय म्हंजे? तुम्हीच की आई. घरातलं माणूस वळखू येत न्हाई का?"

आत्या तिच्याकडं बघत राहिली. मग फोनकडं बघून दिगूला म्हणाली, "पहिलं लाव. पंचमीचं."

दिगूनं लावलं. आत्या रडत होती, आणि डोळे पुसायचं तिला सुचत नव्हतं. सूनबाई तिच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. गाणं संपलं तसा दिगूचा हात पुढं झाला, पण आत्यानं तो धरून ठेवला.

"चांगली गात व्हते की रे मी," ती म्हणाली.